चोच जाईल एवढं भोक

फुलाक्काला कुणी शहाणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. भांडकुदळ म्हटलेलं ऐकलं, हट्टी म्हटलेलं तर रोज ऐकलं. तिचा नवरा झिलूआबा तिला तापलेला तवा म्हणायचा, तेही तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पण मला हातानं जे काही करता येतं ते सगळं तिनं शिकवलं, आणि मास्तरांनी शिकवलेलं मी अर्ध्याहून जास्त विसरले. तेव्हा तिची गोष्ट सांगायचा हक्क माझा. मध्ये कुणी बोलायचं नाही.

आमची वाडी नंदिगड्ड्याच्या अलीकडं, रानातली. नऊ घरं, एक ओढा, एक देऊळ. सन एकोणीसशे तेरा असेल नाहीतर चौदा. मी दहा वर्षांची होते एवढं पक्कं. देवळाच्या पडवीत शाळा भरायची. गोपाळ मास्तर खानापूरकडचे, अंगानं किरकोळ, आवाजानं भारी. त्यांना रानाची भीती वाटायची आणि ती लपवायला ते आमच्यावर ओरडायचे. पोरी दोनच होत्या, मी आणि माझी धाकटी बहीण, आणि बहीण बहुतेक वेळ झोपलेलीच असायची.

फुलाक्का दर शनिवारी ती पडवी सारवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी काही देतही नव्हतं. देवळाची जमीन उखडलेली तिला बघवत नसे, एवढंच. पन्नाशीची बाई, काळी, काटक, कासोटा घट्ट मारलेला. सारवताना तिचा हात असा फिरायचा की आम्ही पाढे सोडून तिकडंच बघत बसायचो, आणि मग मास्तर ओरडायचे.

त्या वर्षी वरून कागद आला की पोरांकडून हातकाम करून घ्या. मातीचे आंबे, मातीची केळी, असलं काहीतरी. मास्तरांनी ओढ्याची माती आणवली आणि सगळ्यांना आंबा करायला बसवलं. लाडू नावाच्या पोरानं केलेला आंबा त्यांनी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"अरे गाढवा, हा आंबा आहे का बसलेला बेडूक?"

लाडू रडवेला झाला. वासूचं केळं मधेच मोडलं होतं, माझा आंबा पसरून भाकरी झाला होता. तेवढ्यात कोपऱ्यातनं हसू आलं. फुलाक्का शेणाची पाटी घेऊन उभी होती आणि पोट धरून हसत होती.

"मास्तर, ह्यास्नी आंबा कशाला करायला सांगताय? आंबा झाडाला लागतोय की. माती हातात दिलीया तर घर करायला सांगा."

"घर? कुणाचं घर?"

"कुनाचं बी. रानात काय घरांना तोटा हाय?"

मास्तर चिडले. "मग तुम्हीच शिकवा!" म्हणाले. त्यांना वाटलं असेल बाई गप बसेल. फुलाक्कानं पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि आमच्या मधे फतकल मारून बसली. शाळेतली ती आमची खरी सुरुवात.

पहिले दोन दिवस तिनं मातीला हात लावू दिला नाही. देवळाच्या भिंतीवर कुंभारीण माशी आपलं गाडगं बांधत होती, तिच्यासमोर आम्हाला बसवलं. बघायचं, बोलायचं नाही. माशी जायची, ओढ्यावरनं मातीची बारकी गोळी आणायची, लावायची, दाबायची, परत जायची. मास्तर पडवीत येरझाऱ्या घालत होते, कागदाला उत्तर काय लिहायचं म्हणून. तिसऱ्या दिवशी फुलाक्का म्हणाली, आता करा. पण गोळी बोराएवढीच घ्यायची, आणि दिवसाला एकच वेढा चढवायचा, तो वाळल्याबिगर दुसरा नाही. मी काय थांबणारी? माझं गाडगं दोनदा फुटलं. तिसऱ्यांदा मी थांबले, तेव्हा ते उभं राहिलं, सुपारीएवढ्या तोंडाचं, आतनं पोकळ, टिचकी मारली की वाजणारं. एवढा आनंद मला पुढं लग्नाच्या पाटल्या घालतानाही झाला नाही, खरं सांगते.

मग सुगरणीचा खोपा झाला. मग आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांचं पानांचं घर, त्याला आम्ही बोरीच्या काट्यांनी टाके घातले. बघायला गेलो तेव्हा मुंग्यांनी आमचे पाय फोडून काढले आणि फुलाक्का म्हणाली, "चावू द्या. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यावर काय आरती करतील?" पडवीच्या कठड्यावर आमची घरं ओळीनं बसली. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायचे आणि म्हणायचे, "आमचं हातकाम." आमचं म्हणे!

आता शिमग्याचं सांगते, कारण खरं ते तिथं बिनसलं.

फुलाक्काची तांबड्या मुंग्यांची चटणी पंचक्रोशीत नावाजलेली. शिमग्याला तिच्या घरी पाहुणे जेवायला बसलेले, ती वाढत होती. आणि झिलूआबा, तोंडाला लगाम नसलेला माणूस, सगळ्यांदेखत म्हणाला, "चटणी खावी तर कुळगीला माझ्या भैनीच्या हातची." बस्स. फुलाक्कानं हातातली पळी पानाशेजारी ठेवली, घोंगडं उचललं आणि ओढ्यापलीकडच्या शेतातल्या खोपीत राहायला गेली. पाहुणे तोंडात घास धरून बसून राहिले.

लोक म्हणाले, दोन दिवसांत येईल. आली नाही. मग कळलं की ती तिथं पक्कं घर बांधायच्या गोष्टी करते आहे. आणि एक ध्यानात घ्या, पावसाळ्यात तो ओढा भरला की ते शेत चार महिने वाडीपासून तुटायचं. पाऊस यायच्या आत ही बाई परत आली नाही, तर चार महिने रानात एकटी. मला तर रात्री झोप लागेना. आमच्या घरी संध्याकाळी कुणी मला विचारायचं नाही, मी त्या दोघांच्याच अंगणात वाढलेली. तिचं भांडण, त्याच्या कॅसलरॉकच्या गप्पा, दोन्ही मला लागायचं. तरणेपणी झिलूआबा कॅसलरॉकला रेल्वेच्या कामावर होता, इंजिनात कोळसा भरायला मदत करायचा, आणि ती गोष्ट त्यानं आम्हाला शंभर वेळा तरी सांगितली होती.

त्याच दिवसांत फुलाक्का आम्हाला ककणेराचं घर दाखवायला घेऊन गेली. ककणेर म्हणजे मोठ्या चोचीचा धनेश. मास्तर ऊन लागेल म्हणून आले नाहीत. किंदळाच्या जुन्या झाडाला वर ढोली होती, आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, मधे फक्त एक उभी फट.

"आत मादी हाय," फुलाक्का म्हणाली. "तिनं सोताला लिंपून घेतलंय. चोच जाईल येवडं भोक ठेवलंय, बास."

आम्ही झुडपात बसलो. थोड्या वेळानं नर आला, पंखांचा केवढा आवाज! फांदीवर बसला, घशातनं एक उंबर वर काढलं आणि त्या फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. फुलाक्का बघत होती आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला रडताना कधी बघितली नव्हती.

"बगा पोरानू," ती म्हणाली. "पाखरू हाय. तरी दिसातनं दहा डाव येतंय, चोचीनं भरवतंय. आमच्या घरी मानूस हाय. तीस वर्सं मीच रांदलं, मीच वाडलं. ह्यानं कवा येक घास हातानं दिला न्हाई. इंजनाला कोळसा भरवला म्हनं! इंजनाला भरवतोय, बायकूला न्हाई. आनि चटणी गोड लागती कुळगीची."

"मग तू घरला येनारच न्हाईस?" मी विचारलं.

"त्यो सोताच्या हातानं करून मला भरवंल, त्या दिशी येईन. न्हाईतर माजं घर मी बांदती."

वासूचं लक्ष त्या फटीवरच होतं. "अक्का, हिला भायेर कोन काडतंय मग?"

"कोन कशाला काडाय पायजे? चोच काय मोडलीया तिची? मनात आलं की तिची तीच फोडून येती."

मी तशीच पळत झिलूआबाकडं गेले आणि सगळं सांगितलं. तो अंगणात बांबू चिरत होता. आतनं करपलेल्या भाताचा वास येत होता, गेले पंधरा दिवस रोज येत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि कोयता आपटला.

"मी काय ककणेर हाय व्हय गं? जा, सांग जा तुज्या अक्काला! म्हनं भरवायचं! लोक हसतील तोंडावर."

"लोक आत्ताच हसत्यात," मी म्हटलं आणि पळाले, कारण तो उठत होता.

शाळेत आम्ही ककणेराचं घर करायला घेतलं. देवळामागं एक पोकळ ओंडका पडला होता. लाडू अंगानं बारका, त्याला आत बसवायचं, आतनं त्यानं लिंपायचं, बाहेरनं आम्ही, आणि शेवटी फट ठेवायची. चार वेळा लाडूला आम्ही लिंपला. चारही वेळा तो लाथ मारून बाहेर आला आणि म्हणाला, आत लई गार लागतंय, परत करूया. हाताला ती गंमतच लागली. भोक दिसलं की बुजवायचं आणि फट ठेवायची.

वैशाखात फुलाक्कानं शेतात मेढी रोवल्या. कारवीचा कूड तिनं एकटीनं उभा केला, छप्पर शाकारलं. राहिलं भिंतींचं लिंपण. आम्ही मास्तरांना म्हणालो, हेही हातकामच की. मास्तरांनी जरा विचार केला आणि छत्री घेऊन पुढं निघाले. मला त्या भिंती लिंपायच्याच नव्हत्या. भिंती वाळल्या की ती तिथलीच झाली, हे मला कळत होतं. पण तिनं मोडक्या वारुळाची माती, भाताचा कोंडा आणि शेण असं कालवून ठेवलं होतं, लोण्यासारखं मऊ, आणि तिचा हुकूम सुटला होता. चुलीशी राग धरता येतो, फुलाक्काशी नाही.

ती आतनं लिंपत होती, आम्ही बाहेरनं. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून दाराच्या जागी कारवीची एक ताटी नुसती उभी केली होती. आम्ही कोपऱ्यापासून सुरुवात केली. बोराएवढी गोळी, लावायची, दाबायची. पंधरा पोरांचे तीस हात. भिंत संपली, मेढ आली, मेढीपुढं ताटी आली. आता तुम्ही म्हणाल, दार दिसलं नाही का? नाही दिसलं! आम्हाला भोक दिसलं, आणि भोकाचं काय करायचं ते आमच्या हातांना ठाऊक होतं. वासूनं ताटी आणि मेढीच्या मधे चार बोटं रुंद, वीतभर उंच फट ठेवली, तिच्या कडा ओल्या बोटानं गुळगुळीत केल्या. आम्ही चार पावलं मागं सरलो आणि बघत राहिलो. असलं झकास काम आम्ही वर्षभरात केलं नव्हतं.

मग लाडू म्हणाला, "अक्का कुटं हाय?"

पोरांनी एकच गलका केला. मास्तर झाडाखाली डुलकी घेत होते ते उठून धावत आले. "अरे नालायकांनो! बाईला चिणलंत की रे!" त्यांनी छत्री उगारली, आम्हाला मारायला की भिंत फोडायला ते त्यांनाही कळलं नसावं.

फटीतनं आवाज आला. "मास्तर, हात लावायचा न्हाई. माज्या पोरांची भिंत हाय."

"अहो, पण बाहेर कशा येणार? खाणार काय?"

"ककणेरीन काय खाती? तिला देनारा देतोय."

सगळ्या पोरांनी माझ्याकडं बघितलं. मी ओढ्यातनं, पाण्यातनं, काट्यातनं जी पळाले ती झिलूआबाच्या अंगणात जाऊन थांबले. सांगताना मला धाप लागली होती आणि रडूही येत होतं. आम्ही केलेल्या घोळाचं रडू, आणि हा माणूस आताही येणार नाही या भीतीचं.

"मोडा की भिंत," तो म्हणाला.

"ती मोडू देत न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे तितंच."

तो बसून राहिला. मग एकदम उठला, कोयता कमरेला लावला आणि घरामागच्या आंब्यावर चढला. साठीला टेकलेला माणूस! वर पानांच्या घराला हात घातल्यावर मुंग्यांनी त्याला जे फोडलं आणि तो मुंग्यांना जे बोलला, ते मी इथं सांगणार नाही. खाली आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. मिरची घेतली, लसूण घेतली, पाट्यावर वाटायला बसला. वाटणं असं की अर्धं पाट्याखाली. मी म्हटलं, मी वाटते. तर म्हणाला, "हात लावू नगंस. ती वळखंल." नाचणीची भाकरी थापली, ती एका बाजूनं जळाली, दुसऱ्या बाजूनं कच्ची. सगळं पानात बांधलं आणि माझ्यापुढं चालायला लागला.

दुपार झाली होती. पोरं ओळीनं उभी, मास्तर छत्री मिटून उभे. झिलूआबा फटीपाशी गेला आणि खाकरला.

"अगं, हात कर."

"हात कशाला?" आतनं आवाज. "ककणेर चोचीत देतंय."

त्यानं मागं वळून आमच्याकडं बघितलं. कान लाल झाले होते त्याचे. मला वाटलं, आता पान फेकून जातो हा. पण त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तो सुजलेला हात फटीतनं आत घातला. मनगटापर्यंत आत.

घास चावत चावत आतनं आवाज आला.

"मीठ कमी हाय."

"असंल," झिलूआबा म्हणाला.

"भाकर जळलीया."

"व्हय."

"हाताला काय झालं?"

"मुंग्या चावल्या."

"मला तीस वर्सं चावल्या त्या," फुलाक्का म्हणाली. "आनिक दे."

अख्खी भाकरी त्यानं तशी भरवली, तुकडा तुकडा करून. मग विचारलं, "मोडू का आता भिंत?"

"सांजच्याला मीठ नीट घालून आन. मग बगू."

आणि तो गेला हो! ओढा उतरून परत त्या आंब्याकडं गेला. आम्ही हसलो नाही. मास्तर तेवढे नाक शिंकरत होते.

संध्याकाळी तो पुन्हा आला. या वेळी मीठ बेताचं होतं, तिनं काहीच नाव ठेवलं नाही. शेवटचा घास झाला आणि ताटीला आतनं एक लाथ बसली. ताटी आडवी पडली, चिखल आमच्या तोंडावर उडाला, आणि फुलाक्का बाहेर आली, केसात माती, कासोटा घट्ट. कुणाकडं बघितलं नाही. घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि ओढ्याच्या वाटेनं पुढं चालायला लागली, तो मागनं.

ती पुढं बावीस वर्षं जगली, वाडीतल्या त्याच घरात, तशीच भांडत. शेतातल्या त्या नव्या घरात आम्ही आमची सगळी घरं नेऊन ठेवली, नंतरच्या पोरांनीही ठेवली. ताटी परत उभी केली, पण मेढीजवळची ती फट मात्र तिनं कधी कुणाला बुजवू दिली नाही. आणि शिमग्याला पाहुणे जेवायला बसले की झिलूआबा पहिला घास उचलून तिच्या तोंडापुढं धरायचा. ती म्हणायची, "लोकं बगत्यात." पण खायची.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. ती दोघं दिसेनाशी झाली तरी मास्तर त्या पडलेल्या ताटीपाशी उभे होते. त्यांनी चिखलात बोट खुपसलं. बोट आरपार गेलं.

"ओलीच आहे की रे," ते म्हणाले. "म्हणजे सकाळपासून ओलीच होती? मग ही बाई दिवसभर आत...?"

"मास्तर," वासू म्हणाला, "ककणेर बगायला गेलो त्या दिशी तुमी आला न्हाईसा."